रोख्याची पाठ

धंदा म्हटला कीं उधारी आली, आणि उधारी आली कीं केव्हां तरी तडजोडीचा प्रसंग यावयाचाच. तो आला म्हणजे आमच्या सुशिक्षित घरांतील कर्ते पुरुष एक तर लाजेनें तोंड लपवितात, नाहीं तर धनको पुढें करील त्या कागदावर सही करून मोकळे होतात.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस सोबतीस नेलें. त्याचें कापडाचें दुकान बसलें होतें. चार लाखांच्या रोख्यावर व्याज चढून आंकडा सात लाखांवर गेला होता, आणि जामीन होते त्याचे सख्खे काका. दामदुपटीचा आधार येथें नव्हता, कारण व्याज अजून मुद्दलाएवढें झालें नव्हतें. धनको साडेचार लाखांत खातें मिटविण्यास कबूल झाला, तेव्हां मुलाचे डोळे भरून आले. परंतु मसुद्याच्या शेवटीं दोन कलमें होतीं : एक हप्ता चुकला कीं सूट रद्द होऊन पूर्ण रक्कम पुन्हां उभी, आणि जामिनाची या तडजोडीस संमति असून त्याची जबाबदारी सर्वस्वीं कायम.

आम्हीं १८७२ चा कराराचा कायदा काकांपुढें ठेविला. त्याच्या ६३ व्या कलमान्वयें धनकोस पुऱ्या येण्याऐवजीं थोडकी रक्कम घेऊन ऋणकोस मोकळें करतां येतें. पण १३५ व्या कलमान्वयें, जामिनाच्या संमतीवांचून अशी तडजोड केली किंवा मुदत वाढवून दिली, तर जामीन सुटतो. मूळ जामीनपत्रांत आगाऊ संमति नव्हती. धनको सहीसाठीं कां अडून बसला होता तें आतां उमगलें.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मास्तर, सही न करतां मी सुटेन खरा, पण मग तो सूट देणार नाहीं. पोराचें काय?"

धनकोच्या माणसानें काकांच्या मुलाचीही सही मागितली. बापाचें ऋण मुलास लागतेंच, असें त्याचें म्हणणें. ९ सप्टेंबर २००५ नंतर काढलेल्या कर्जासाठीं केवळ पुत्रधर्माच्या आधारें मुलावर दावा चालत नाहीं, हें आम्हीं त्यास दाखविलें. सही अर्थातच दिली नाहीं. दोन बैठका झाल्या, आवाज चढले, चहा निवाला. अखेर काकांची जबाबदारी साडेचार लाखांपुरतीच राहील व हप्ता चुकल्यास पंधरा दिवसांची सवड मिळेल, एवढें लिहून घेऊन काकांनीं सही केली. अधिक ताणतां आलें असतें असें आमच्या वकीलमित्रांस वाटतें. आम्हांस वाटत नाहीं. धनकोचाही पैसा खराच गेलेला होता.

मनूनें अठरा व्यवहारपदांत ऋणादानास पहिलें स्थान दिलें आहे. याज्ञवल्क्य तर व्यवहारीं माणूस : ऋणकोनें देईल तें वेळोवेळीं लेखाच्या पाठीवर लिहावें, आणि ऋण फिटतांच लेख फाडावा, असें तो सांगतो. आम्हीं त्याप्रमाणें प्रत्येक हप्ता रोख्याच्या पाठीवर धनकोच्या सहीनिशीं चढविला व पावतीही वेगळी घेतली.

दोन वर्षांनीं शेवटच्या हप्त्याच्या दिवशीं रोखा वकिलाकडे राहिला आहे, पैसे ठेवून जा, असें उत्तर मिळालें. काका पिशवी मांडीवर घेऊन ओटीवर बसून राहिले. दिवेलागणीस रोखा आला. त्यांनीं पाठीवरचे सगळे हप्ते बोट ठेवून मोजले, आणि मगच पिशवीची गांठ सोडली.