डीडीवरचा सामना आपल्या केबलवर का दिसत नाही?

भारताचा एकदिवसीय सामना असला की आपल्याकडे हा प्रश्न हमखास निघतो. ज्याच्या घरावर डीडी फ्री डिशची छत्री आहे, त्याला सामना फुकट दिसतो. शेजारचा मात्र दरमहा केबलचे पैसे भरूनही दूरदर्शन लावतो, तेव्हा तिथे दुसराच कार्यक्रम चालू असतो. दोष बहुतेक वेळा केबलवाल्याच्या माथी मारला जातो. खरे कारण त्याच्या हातात नाही. ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल.

टीव्हीच्या बाबतीत आपला भाग अगदीच मागे नव्हता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे खेड्यांत टीव्ही पोहोचवण्याचा 'साइट' प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत तो राबवला गेला आणि कर्नाटकातून गुलबर्गा, रायचूर, विजापूर हे जिल्हे त्यात होते. त्यामागोमाग १९७७ मध्ये गुलबर्ग्याला दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाले. सामन्यांसाठी मात्र बहुतेकांची भिस्त रेडिओवरच होती. मराठी समालोचन म्हटले की जुन्या मंडळींना बाळ ज. पंडित यांचा आवाज आठवतो. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर भारताने १८३ धावा करूनही वेस्ट इंडीजला १४० मध्ये गुंडाळले, ती बातमी कितीतरी घरांत कानांनीच पोहोचली.

तोवर टीव्ही म्हणजे दूरदर्शन, दुसरे काही नाही. १९९१ मध्ये स्टार टीव्ही आला आणि चित्र बदलले. कुणीतरी गच्चीवर मोठी डिश बसवायचा आणि तिथून गल्लीभर तार ओढून घराघरांत वाहिन्या द्यायचा. सरकारने या धंद्यासाठी कायदा केला तो १९९५ मध्ये, म्हणजे तारा ओढून झाल्यावर.

अमेरिकेतल्या आपल्या नातलगांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. तिथे टेड टर्नर यांनी १९७६ मध्ये अटलांटा ब्रेव्हज हा बेसबॉल संघ विकत घेतला आणि त्याच वर्षी डिसेंबरात आपली स्थानिक वाहिनी उपग्रहावर चढवली. गावोगावचे केबलवाले ती उतरवून घेऊ लागले. अटलांटाचे सामने देशभर दिसू लागले. सामना दाखवला की केबलची जोडणी खपते, हे तिथे तेव्हाच कळले होते. आपल्याकडे ते क्रिकेटने शिकवले.

आपल्याकडचे मोठे भांडण १९९३ च्या हिरो कपवरून झाले. बंगाल क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शन आणि सरकारने हरकत घेतली. सचिन तेंडुलकरचे ते प्रसिद्ध शेवटचे षटक आणि अंतिम सामन्यात अनिल कुंबळेचे १२ धावांत ६ बळी, हे सगळे याच वादाच्या सावलीत घडले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारचीही मक्तेदारी नाही. सामना कोणामार्फत दाखवायचा हे आयोजक ठरवू शकतो. इथून खासगी क्रीडा वाहिन्यांचा रस्ता मोकळा झाला.

पण मग ज्यांच्याकडे केबल नाही, त्यांचे काय? २००४ च्या पाकिस्तान दौऱ्यात हा प्रश्न न्यायालयात गेला आणि सामने दूरदर्शनवरही दिसले. २००७ मध्ये त्यासाठी कायदाच झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्रण खासगी वाहिनीने प्रसार भारतीला द्यायचे आणि टीव्हीवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातला किमान ७५ टक्के वाटा वाहिनीला मिळायचा. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय सामने त्या यादीत आहेत, आयपीएल नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रत्येक केबलवाल्याला दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे बंधनकारक आहे. त्यामुळे दूरदर्शनला दिलेला सामना केबलवरही फुकटच पोहोचू लागला आणि ज्यांनी मोठी रक्कम मोजून हक्क घेतले, त्यांच्या वाहिनीसाठी कोणी पैसे का द्यावेत, असा वाद उभा राहिला. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असा सामना दूरदर्शनच्या मनोऱ्यावरून आणि फ्री डिशवरून दाखवता येईल, खासगी केबलवरून नाही. म्हणून शेजाऱ्याला दिसतो आणि आपल्याला नाही. केबलवर सामना हवा असेल तर ती क्रीडा वाहिनी पैसे देऊन घ्यावी लागते. १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या सुट्या निवडता येतात. तेव्हा बिल घेऊन बसा आणि कोणत्या वाहिन्या खरोखर पाहतो ते एकदा तपासा.

राहिला भाषेचा प्रश्न. आपल्या घरांत मराठी बोलतात, शाळेत कन्नड असते आणि बाजारात दोन्हींच्या जोडीला हिंदी. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीतला खेळ मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात आला. आता यू मुंबा, पुणेरी पलटण आणि बेंगळुरू बुल्स यांच्यावरून एकाच घरात दोन तट पडतात. सामना कन्नड वाहिनीवर लागला की मुलांना सोयीचे होते, आजी-आजोबा मात्र नुसते चित्र पाहत बसतात. मोबाइलवर थोडी सोय झाली आहे: २०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर बारा भाषांत होती आणि त्यांत मराठी व कन्नड दोन्ही होत्या.

मुलांना कन्नड समालोचन ऐकू द्यावे, ती या मातीची भाषा आहे. पण 'ऑल आउट' ऐकू आले की त्याला आपण लोण म्हणतो, एवढे शेजारी बसून कुणीतरी सांगायला हवे. चढाई, पकड, लोण हे शब्द हुतुतूच्या मैदानावरून आपल्याकडे आले आहेत. ते पुढच्या पिढीला देण्यासाठी कोणत्याही वाहिनीचे पैसे भरावे लागत नाहीत.