मित्रासोबत परदेशात: व्हिसा दोघांचा की एकेकाचा?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांच्या गावात ऐन वेळी नेटवर्क गेलं, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलणं थोडं आवरून घेतलंय, बाकी तसंच आहे.

आजचा विषय चामोर्शीहून आलाय. एका श्रोत्याने व्हॉइस मेसेज पाठवला: "दादा, मी अन् माझा मित्र दहावीपासून सोबत. मी बी.एस्सी. नर्सिंग केलं, त्यानं आयटीआय इलेक्ट्रिशियन. दोघंही बाहेर जायचा विचार करून राहिलो. एक एजंट म्हणते, दोघांचा मिळून ग्रुप व्हिसा काढून देतो, एकेकाचे ३ लाख. मित्राचे बाबा वावर गहाण ठेवायले तयार आहेत. असा व्हिसा भेटते का?"

भाऊ, सरळ उत्तर: नाही. आज मी ज्या देशांबद्दल बोलणार आहे, त्यातल्या एकाही देशात नोकरीसाठी दोन मित्रांचा मिळून एक व्हिसा नाही. बाबांना म्हणावं, वावराचा कागद पेटीतच राहू द्या. पुढचं ऐका.

मैत्री फॉर्ममध्ये बसत नाही

रेशन कार्डावर जसं मित्राचं नाव चढत नाही, तसंच हे आहे. बहुतेक देश मुख्य अर्जदारासोबत नवरा, बायको, मुलं, फार तर एकत्र राहणारा जोडीदार एवढ्यांनाच ओळखतात. मित्र कितीही जिवाभावाचा असला तरी त्याची फाइल वेगळी, फी वेगळी, निकालही वेगळा. एकाला होकार आणि दुसऱ्याला नकार, हे सहज होऊ शकतं.

काही जण सल्ला देतात, "कागदावर पार्टनर दाखवा ना!" असं चुकूनही करू नका. खोटी माहिती दिली तर कॅनडा ५ वर्षं दार बंद करतो, आणि ब्रिटनमध्ये ही बंदी १० वर्षांपर्यंत जाऊ शकते. मित्राला मदत करायला जाल आणि दोघंही अडकाल.

मग रस्ते कोणते?

जर्मनी. तुमच्या जोडीसाठी सगळ्यात जवळचा रस्ता हाच वाटतो, कारण तिथे दोघांच्याही कामाला मागणी आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करारही केला. पण करार म्हणजे व्हिसा नव्हे. नर्सला आधी आपल्या पदवीची मान्यता घ्यावी लागते आणि जर्मन भाषा साधारण बी-२ पातळीपर्यंत न्यावी लागते.

आयटीआयवाल्या मित्रासाठी १ जून २०२४ पासून सुरू झालेलं 'चान्सेनकार्टे' म्हणजे संधी-कार्ड आहे. नोकरी हातात नसतानाही वर्षभर तिथे राहून काम शोधता येतं, आणि तोवर आठवड्याला २० तास अर्धवेळ कामही करता येतं. अट अशी की पदवी किंवा किमान २ वर्षांचं सरकारमान्य व्यावसायिक शिक्षण हवं, आणि जर्मनची ए-१ किंवा इंग्रजीची बी-२ पातळी हवी. वर किमान ६ गुण जमवावे लागतात. वय पस्तिशीच्या आत असेल तर २, जर्मन बी-१ असेल तर २, गेल्या ५ वर्षांत २ वर्षांचा अनुभव असेल तर २, झाले ६. गंमत बघा, जोडीदारही पात्र असेल आणि सोबत अर्ज करत असेल तर १ गुण जास्त मिळतो. मित्रासाठी शून्य!

खर्च मात्र मोठा आहे. २०२५ मध्ये दरमहा १,०९१ युरो याप्रमाणे वर्षभराची सोय दाखवावी लागत होती. युरो १०० रुपयांचा धरला तरी १३ लाखांच्या आसपास. हे पैसे आपलेच, आपल्याच खात्यात राहतात आणि तिकडे महिन्याला थोडे थोडे मिळतात. पण दोघांचं मिळून एक खातं चालत नाही.

ब्रिटन. 'इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम'मध्ये १८ ते ३० वयाच्या भारतीयांना २ वर्षं राहून काम करता येतं. वर्षाला ३,००० जागा. निवड म्हाडाच्या घरांसारखी सोडतीने होते आणि सोडतीत नाव टाकायला पैसे लागत नाहीत. पण पदवी हवी, म्हणजे आपल्या जोडीतला आयटीआयवाला इथेच बाहेर. शिवाय २,५३० पाउंड सलग २८ दिवस स्वतःच्या खात्यात दिसावे लागतात. आज माझ्या खात्यात, उद्या तुझ्या खात्यात, ही युक्ती चालणार नाही.

ऑस्ट्रेलिया. वर्क अँड हॉलिडे व्हिसा, म्हणजे सबक्लास ४६२, भारतीयांसाठी २०२४ मध्ये खुला झाला. वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०, इथेही सोडत. नोंदणीची फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. दोघांनी नावं टाकली आणि एकाचंच निघालं, तर दुसऱ्याने पुढच्या सोडतीची वाट बघायची.

जपान. स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर या व्हिसासाठी भारत आणि जपान यांच्यात २०२१ मध्ये करार झाला. पदवी लागत नाही. कामाची परीक्षा आणि जपानी भाषेची एन-४ किंवा तिच्या तोडीची परीक्षा पास व्हावी लागते. पहिल्या प्रकारात एकूण ५ वर्षं राहता येतं. वृद्धांची सेवा, बांधकाम, शेती अशी क्षेत्रं ठरलेली आहेत. दोघांनी एकाच क्लासला बसून तयारी करावी, असा हा रस्ता.

आखाती देश. एकच कंपनी दोघांनाही घेऊ शकते, पण करार दोन वेगळे. दहावी पास असाल तर पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का लागत नाही. "आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बघू," असं कोणी म्हणालं तर उठून घरी या.

एजंटची परीक्षा

नोकरीसाठी परदेशात पाठवणाऱ्या एजंटची भारत सरकारकडे नोंदणी लागते. त्याचं नाव ई-मायग्रेट पोर्टलवर शोधा. नोंदणी असलेल्या एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. १८ टक्के धरून ३५,४०० झाले. आता ३ लाखांचा हिशोब तुम्हीच करा. आणि पैसे दिलेच तर पावती घ्या. "पावती नाही भेटत," असं म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

सोबत काय करता येतं?

व्हिसा वेगळा असला तरी तयारी सोबत होते. भाषेचा क्लास, पासपोर्टसाठीची धावपळ, परीक्षेचा अभ्यास, तिकडे गेल्यावर भाड्याची खोली, हे सगळं दोघांत वाटलं तर खर्चही कमी आणि धीरही जास्त. रस्ता निवडताना मात्र एकच कसोटी लावा: दुसरा नसता, तर या रस्त्यावर मी एकटा पात्र ठरलो असतो का? दोघांचंही उत्तर 'हो' आलं तरच पुढे जा.

आणि एक बोलणं आजच करून घ्या, चहाच्या टपरीवर बसून का होईना. एकालाच व्हिसा मिळाला तर काय? पहिला थांबेल की जाईल? गेला तर दुसऱ्याच्या तयारीला किती हातभार लावेल? एकमेकांचे पैसे गुंतले असतील तर ते कधी परत करायचे? हे कागदावर लिहा, दोघांनी सह्या करा. यात अविश्वास नाही. नकाराचा ईमेल आल्यावर भांडण होऊ नये, म्हणून ही सोय.

जाता जाता: आकडे आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी साइटवर बघूनच पुढे जा. चामोर्शीच्या भाऊ, तुमचं दोघांचं काय ठरलं ते व्हॉइस मेसेजवर नक्की कळवा. बाबांनाही हा एपिसोड ऐकवा. भेटू पुढच्या भागात!