प्रयोगविचार : क्रियापदाची जुळणी कोणाशी?

क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, हा नियम आपण शाळेत इंग्रजीच्या तासाला पाठ केला होता. मराठी वाक्याचे विश्लेषण करताना तोच नियम नकळत हाताशी येतो आणि प्रयोग ओळखताना घोटाळा होतो. 'सीमा आंबा खाते' आणि 'सीमाने आंबा खाल्ला' ही दोन वाक्ये पाहा. खाणारी दोन्हीकडे सीमाच आहे. परंतु सीमाच्या जागी राजू आणला, तर 'खाते'चे 'खातो' होते. 'खाल्ला' मात्र तसेच राहते. ते बदलते आंब्याऐवजी पोळी ठेवल्यावर. म्हणून पहिला कर्तरी प्रयोग, दुसरा कर्मणी.

कर्त्याला प्रत्यय नसेल तर क्रियापद त्याच्याशी जुळते. असेल तर प्रत्ययरहित कर्माशी. 'आईने मुलीला उठवले' या वाक्यात दोघांनाही प्रत्यय आहेत. जुळण्यास कोणीच मोकळे नसल्याने क्रियापद तृतीयपुरुषी, नपुंसकलिंगी, एकवचनी राहते. हा भावे प्रयोग होय.

येथे एक शंका साहजिक आहे. 'मी आंबा खाल्ला' यात 'मी'ला प्रत्यय कोठे आहे? जुन्या मराठीत या ठिकाणी 'म्यां' हे तृतीयेचे रूप येत असे. ते लोपले, पण जागा तृतीयेचीच राहिली. म्हणून बोलणारी स्त्री असली तरी ती 'खाल्ला' असेच म्हणते. 'तू'च्या मागेही असेच 'त्वां' आहे. मात्र 'तू पोळी खाल्लीस' हे वाक्य अधिक लक्षपूर्वक पाहावे. 'खाल्ली' हे पोळीशी जुळते आणि अखेरचा 'स' कर्त्याचा पुरुष सांगतो. एकाच क्रियापदात दोघांच्या खुणा असल्याने याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात. 'संकर' या शब्दाने दचकू नये. तो दोष नव्हे, निव्वळ वर्णन आहे.

'मी तिला शाळेत घातली' असे आपल्यापैकी कित्येकांच्या घरी बोलतात. 'तिला' हे सप्रत्यय कर्म असूनही क्रियापद त्याच्याशी जुळते. लेखी प्रमाण भाषेत 'घातले' हे रूप रूढ आहे, हे खरे. तरीही हे वाक्य विश्लेषणासाठी आल्यास 'अशुद्ध' असा शेरा देऊन ते सोडू नये. हा कर्म-भाव संकर आहे आणि मराठी व्याकरणाने त्याची नोंद घेतलेली आहे.

'भूतकाळ आणि सकर्मक क्रियापद म्हणजे कर्मणी' हे सूत्र सोयीचे असले तरी विश्वासार्ह नाही. 'ती धडा शिकली', 'तो नाव विसरला', 'मी पाणी प्यालो' ही तिन्ही वाक्ये भूतकाळी व सकर्मक असून कर्तरी आहेत. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथातील प्रयोगविचार सवडीने अवश्य वाचावा. भाषा जुनी वाटेल, पण उदाहरणे आजही उपयोगी पडतात.

आता 'तू घरी यायचे होतेस' या वाक्याचा प्रयोग स्वतः ओळखा. प्रथम कर्त्याचे लिंग बदला, मग पुरुष बदला, आणि प्रत्येक वेळी क्रियापदाचा कोणता भाग हलतो ते लिहून ठेवा.