डोलकाठीच्या सावलीतली वीज

2009च्या ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’ घेऊन मुंबईहून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि 2010च्या मे महिन्यात परतले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली ही 56 फुटी शिडाची बोट. त्या सफरीनंतर मुंबई बंदरात हौसेनं शीड उभारणाऱ्या, नवी मुंबईत राहणाऱ्या आम्हा मंडळींमध्ये बोटीवरच्या विजेची चर्चा सुरू झाली. वारा फुकट, पण दिवे, रेडिओ, जीपीएस आणि खोली मोजणारं यंत्र बॅटरीवर चालतं. ती बॅटरी भरायची कशी?

तेव्हा उत्तर एकच होतं, इंजिन चालवा. किनाऱ्याची वीज ओढून घेता येईल असा मरीना आपल्या बंदरात नव्हता. बोटी नांगरलेल्या तरंगत्या बोयाला बांधलेल्या, तिथवर डिंगीनं, म्हणजे छोट्या होडीनं, जायचं. आठवडाभर पडून राहिलेली बॅटरी रविवारी मलूल झालेली असायची. मग शीड उभारण्याआधी तासभर डिझेल जाळायचं, आणि त्या आवाजात समुद्राचा सगळा आनंद जायचा.

पुढच्या दहा-बारा वर्षांत हे चित्र पालटलं. श्रेय सगळे सौर पॅनलला देतात. माझ्या मते पहिला मान एलईडीचा. नांगरलेल्या बोटीच्या डोलकाठीवर रात्रभर पांढरा दिवा हवाच. जुना 10 वॅटचा बल्ब बारा तासांत 12 व्होल्टच्या बॅटरीतून 10 अँपिअर-तास खायचा. एलईडी तेच काम दीड-दोन अँपिअर-तासांत करतो. 2015मध्ये ‘उजाला’ योजनेतून एलईडी घराघरांत गेला, त्याच सुमारास तो बोटींवरही रुळला. खर्च इतका उतरल्यावरच छोट्या पॅनलला अर्थ आला. 2010च्या सुमारास पॅनलचा भाव वॅटमागे दोन डॉलरच्या आसपास होता, दहा वर्षांत तो त्याच्या दहाव्या हिश्शावर आला.

आपल्या अक्षांशाचाही मोठा आधार. मुंबई 19 अंशांवर, त्यामुळे डेकवर आडवं ठेवलेलं पॅनलही छान चालतं. युरोपातल्यासारखं ते सूर्याकडे तिरकं करण्याची धडपड करावी लागत नाही. शिवाय आपला शिडाचा मोसम ऑक्टोबर ते मे, म्हणजे बहुतेक आभाळ मोकळं. चांगल्या दिवशी 100 वॅटचं पॅनल साधारण 30 अँपिअर-तास देतं. सहा दिवस बोट बोयाला उभी आणि एक दिवस वापरात, अशा रविवारच्या खलाशाला त्याच्या निम्मंही पुरतं.

खरा शत्रू सावली. पॅनलमधले सेल एका माळेत ओवलेले असतात. एकावर सावली आली की सगळ्या माळेचा प्रवाह अडतो. घराच्या गच्चीवर एक जागा निवडून मोकळं होता येतं. बोट मात्र भरती-ओहोटीला नांगराभोवती फिरते, आणि डोलकाठी, शिडाचा आडवा दांडा म्हणजे बूम, डोलकाठी ताणून धरणाऱ्या स्टेच्या तारा यांची सावली तिच्याबरोबर सरकत राहते. मीटर हातात धरून बसलं तर दिसतं: बोटभर जाडीच्या तारेची रेघ पॅनलवर आली की आकडा झर्रकन खाली येतो, पुढे सरकली की परत वर. म्हणूनच पॅनलं केबिनच्या छपरावरून मागे, सुकाणूपलीकडच्या स्टीलच्या कमानीवर गेली. एका मोठ्या पॅनलऐवजी दोन छोटी, दोघांना पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारे वेगवेगळे एमपीपीटी कंट्रोलर, ही रीतही यातूनच रुळली.

दुसरा शत्रू खारी हवा. घरगुती तांब्याची वायर एका मोसमात हिरवी पडते, सोलून पाहावी तर आतून काळी. कथलाचा मुलामा दिलेली मरीन वायर महाग वाटते, पण तिथे काटकसर करूच नये. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टीलचा बोल्ट घातला की खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजतं. मध्ये नायलॉनचा वॉशर हवा. आणि हिवाळ्यात सीगल येतात, तेव्हा पॅनल दर फेरीला पुसायचंच.

अलीकडे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या आल्या. शिशाची बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची. लिथियमची ऐंशी टक्क्यांपर्यंत रिकामी करता येते, वजनही निम्म्याहून कमी. त्यामुळे छोटा फ्रीजही परवडू लागला. मात्र लांबच्या सफरीत सर्वांत जास्त वीज मागतो तो सुकाणू धरणारा ऑटोपायलट, आणि त्याला पर्याय वाऱ्यावर चालणारा विंडवेन. मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’वरून 1968-69मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 312 दिवसांत न थांबता जगाला वळसा घालून आले, वाटेत विंडवेन मोडल्यावर शिडांचा तोल साधून त्यांनी बोट आपोआप चालती ठेवली. पॅनल लावण्याआधी प्रत्येकानं हे कसब शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

शिडाच्या बोटीची गरज अशी एका कमानीवर मावते. प्रवासी लाँचची मावत नाही. माझगाव डॉकसाठी केरळच्या नवाल्ट कंपनीनं बांधलेल्या ‘बॅराकुडा’ या सौर बोटीवर 6 किलोवॅटची पॅनलं आहेत आणि 50 किलोवॅटच्या दोन मोटारी. उरलेली वीज किनाऱ्यावरूनच भरावी लागते. नवी मुंबईत नेरूळ आणि बेलापूरच्या जेट्ट्या बांधून तयार आहेत. तिथे बोटींसाठी चार्जिंगची सोय आणि चार शिडाच्या बोटींना बांधायला जागा मिळाली, तर मुंबईत गेटवे ऑफ इंडियापर्यंत जाऊन डिंगी शोधण्याची आमची पायपीट वाचेल आणि बेलापूरच्या पोरांना शीड उभारायला घराजवळच शिकता येईल.