दमसास आणि विसावा

गावच्या मैदानावर मुले क्रिकेट खेळतात, ती आपण पाहतोच. प्रत्येक मुलाला वाटते, आपण चेंडू जोरात टाकावा. लांबून धावत यावे, उडी घ्यावी आणि फलंदाजाची दांडी उडवावी! बघणाऱ्यालाही मौज वाटते. पण हे काम किती कष्टाचे आहे, ते बघणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. आज आपण त्या कष्टाचा हिशेब मांडू या.

एका षटकात ६ चेंडू असतात. देशादेशांतला कसोटी सामना पाच दिवस चालतो. त्यात जलद गोलंदाजाला एखाद्या दिवशी २० षटकेही टाकावी लागतात. म्हणजे १२० चेंडू झाले. प्रत्येक चेंडूसाठी तो २० मीटर पळत येतो, असे धरू. १२० ला २० ने गुणा. २,४०० मीटर झाले. म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर नुसती धाव! तेवढेच अंतर परत चालत जायचे. मधल्या वेळात चेंडू अडवायला धावायचे, ते वेगळेच. वर ऊन. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पण खरा त्रास पळण्याचा नाही. चेंडू सोडताना गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो. त्या वेळी पायावर अंगाच्या वजनाच्या पाच पटींहूनही जास्त भार येऊ शकतो. माणूस ७५ किलोचा असला, तर हा भार पावणेचार क्विंटल झाला! तो हिसका पायातून गुडघ्यात जातो, गुडघ्यातून कमरेत जातो. नेमकी त्याच क्षणी कंबर वाकलेली आणि पिळलेली असते.

मग होतं काय? लोखंडाची तार घ्या. एकदा वाकवली तर ती तुटत नाही. पण त्याच जागी पुनःपुन्हा वाकवत राहा. शेवटी ती तुटतेच. हाडाचेही असेच आहे. एका चेंडूने काही बिघडत नाही. पण रोज चेंडू टाकले आणि विसावा मिळाला नाही, तर कमरेच्या मणक्याला बारीक चीर पडते.

मात्र तार आणि हाड यांत एक फरक आहे. तार आपली आपण सांधत नाही. हाड जिवंत आहे, ते सांधते. त्याला वेळ तेवढा द्यावा लागतो.

ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीची गोष्ट ऐका. हा मोठा तेज गोलंदाज. १९७३ साली त्याचा संघ वेस्ट इंडीजला गेला होता. तिथे त्याची पाठ दुखू लागली. मणक्याला चिरा पडल्या होत्या. वय अवघे २३. कमरेभोवती प्लास्टर घालून त्याला सहा आठवडे काढावे लागले. आता हा पुन्हा खेळत नाही, असे पुष्कळांना वाटले. पण लिलीने घाई केली नाही. जाणत्या माणसांना विचारून त्याने बेताबेताने व्यायाम वाढवला. पाठीचे आणि पोटाचे स्नायू बळकट केले. मग १९७४-७५ मध्ये तो इंग्लंडविरुद्ध उतरला आणि एका मालिकेत २५ बळी घेतले! खेळ सोडला तेव्हा त्याच्या नावावर ३५५ बळी होते. पुढे १९८७ पासून मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला येऊन त्याने आपल्याकडच्या मुलांनाही शिकवले.

दमसासाला व्यायाम लागतो, तसे अन्नही लागते. कपिल देव पंधरा वर्षांचा असताना मुंबईत सरावाच्या शिबिराला आला होता. दिवसभर उन्हात मेहनत. जेवायला मात्र दोन कोरड्या चपात्या आणि चमचाभर भाजी! कपिलने तक्रार केली, “मी जलद गोलंदाज आहे. मला जास्त जेवण लागतं.” अधिकारी हसले. भारतात कुठे जलद गोलंदाज असतात, असे म्हणाले. ही आठवण कपिलने स्वतःच सांगितली आहे. त्याच मुलाने १९७८ ते १९९४ या काळात १३१ कसोटी सामने खेळले. २७ हजारांहून जास्त चेंडू टाकले. ४३४ बळी घेतले. आणि दुखापत झाली म्हणून एकही कसोटी चुकवली नाही!

पण सगळ्यांचे अंग कपिलसारखे नसते. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान पाहा. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले. भारत जिंकला. त्याच वर्षी जुलैत लॉर्ड्सच्या मैदानावर गोलंदाजी करताना त्याच्या मांडीमागचा स्नायू दुखावला. त्या दौऱ्यात तो पुन्हा कसोटी खेळू शकला नाही.

जसप्रीत बुमराचेही तसेच. २०२३ साली त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. बरा होऊन तो परतला. २०२४-२५ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याने पाच कसोटींत १५१ षटके टाकली. म्हणजे ९०० हून जास्त चेंडू! बळी घेतले ३२. पण शेवटच्या सामन्यात पाठीने दगा दिला. दुसऱ्या डावात त्याला गोलंदाजी करता आली नाही. म्हणून २०२५ साली इंग्लंडमध्ये पाचांपैकी तीनच कसोटी त्याने खेळायच्या, असे आधीच ठरवले गेले. काही लोकांनी नावे ठेवली. “हा कसला खेळाडू? मधेच बसतो!” पण आता आपण हिशेब मांडला आहे. विसावा म्हणजे आळस नव्हे, हे आपल्याला कळते.

ही गोष्ट आपल्या घरापर्यंतही येते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे अंग वाढलेले दिसते, पण त्याच्या मणक्याचे हाड अजून कोवळे असते. ते पुरते पक्के व्हायला पुढे काही वर्षे जातात. म्हणून इंग्लंड-ऑस्ट्रेलियात मुलांनी दिवसाला किती षटके टाकावीत, याची मर्यादा घालून दिली आहे. आपल्याकडे होतं काय? पोरगा जोरात टाकतो म्हणून सगळी टीम त्यालाच राबवते. सकाळी शाळेकडून, संध्याकाळी गल्लीकडून, रविवारी तालुक्याकडून!

तुमचा मुलगा असा असेल, तर आठवड्यात त्याने किती चेंडू टाकले ते वहीत लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते. एकदम दुप्पट चेंडू टाकू देऊ नका. त्याला पोटभर भाकरी, डाळ, दूध, जमेल तर अंडी द्या. रात्री पुरती झोप घेऊ द्या. आठवड्यातून एक-दोन दिवस चेंडू हाती घेऊ देऊ नका. आणि कंबर दुखते म्हणाला, तर “नाटकं करू नकोस” म्हणू नका. त्याला डॉक्टरकडे न्या.

औताचा बैलही आपण दुपारी सोडतो, पाणी पाजतो, सावलीत बांधतो. पोटच्या पोराला तेवढे तरी द्यायला नको का?