बारावीचे गुण : कुठे निर्णायक, कुठे केवळ पात्रतेपुरते

काला अंब (पानिपत) : पानिपतच्या तिसऱ्या युद्धाची स्मृती जपणाऱ्या काला अंब परिसरातील बारावीच्या विद्यार्थ्यांपुढे दोन वाटा असतात. एक वाट जवळच्या महाविद्यालयांकडे जाते, तर दुसरी सुमारे 90 किलोमीटरवरील दिल्लीकडे. या दोन वाटांवर बारावीच्या गुणांचे मोल मात्र सारखे नाही.

हरियाणातील शासकीय व अनुदानित महाविद्यालयांत कला, वाणिज्य, विज्ञान या पारंपरिक शाखांचे प्रवेश प्रामुख्याने बारावीच्या गुणवत्ता यादीवर होतात. तेथे एकेक टक्का महत्त्वाचा ठरतो.

दिल्ली विद्यापीठातही पूर्वी हीच पद्धत होती. 2021 मध्ये हिंदू कॉलेजमधील राज्यशास्त्र ऑनर्सची पहिली कटऑफ 100 टक्क्यांवर गेली होती. 2022 पासून मात्र नियमित पदवी प्रवेश ‘सीयूईटी’ या सामायिक परीक्षेच्या गुणांवर होऊ लागले. ही परीक्षा मराठीसह 13 भाषांत देता येते. बारावी उत्तीर्ण होणे ही पात्रतेची अट आहे. दोन विद्यार्थ्यांचे सीयूईटी गुण समान आल्यास बारावीचे गुण पाहिले जातात.

अपवादही आहेत. दिल्ली विद्यापीठाच्या महिलांसाठीच्या अमहाविद्यालयीन शिक्षण मंडळात प्रवेश बारावीच्या गुणांवरच मिळतो. परंतु ही सोय दिल्लीत राहणाऱ्या विद्यार्थिनींपुरती आहे. पानिपत राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडत असले, तरी ते दिल्लीत नसल्याने येथील मुलींना तिचा लाभ घेता येत नाही.

व्यावसायिक अभ्यासक्रमांत बारावीचे गुण हा उंबरठा आहे. ‘जेईई मेन’च्या क्रमवारीत 2013 ते 2016 या काळात बारावीला 40 टक्के भारांश होता, 2017 पासून तो रद्द झाला. तरीही आयआयटी व एनआयटी प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गात बारावीला 75 टक्के गुण किंवा मंडळातील प्रवर्गनिहाय अव्वल 20 पर्सेंटाइलमध्ये स्थान आवश्यक आहे. वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’खेरीज भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्रात मिळून खुल्या प्रवर्गाला किमान 50 टक्के गुण लागतात.

महाराष्ट्रात अभियांत्रिकीचे प्रवेश ‘एमएचटी-सीईटी’च्या पर्सेंटाइलवर होतात, बारावीच्या संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला 45, तर राखीव प्रवर्गांना 40 टक्के पुरेसे असतात. पारंपरिक पदवीसाठी मात्र तेथेही बारावीचीच गुणवत्ता यादी लागते. दिल्ली परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण आई किंवा वडिलांकडे महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र असल्यास पाल्याला तेथील राज्य कोट्यासाठी अर्ज करता येतो.

धोका आहे तो प्रवेश परीक्षेच्या तयारीत बारावीकडे पाठ फिरवण्याचा. उंबरठा एका टक्क्याने हुकला, तरी प्रवेश परीक्षेतील उत्तम क्रमांक निरुपयोगी ठरतो. सामायिक परीक्षा बिघडली, तर पारंपरिक महाविद्यालयाचे दार उघडणारे तेच गुण हाती उरतात.