बाजू दुप्पट, काम चौपट

जरीकाम करणाऱ्या कारागीर बांधवांचे नुकसान पुष्कळदा दर सांगतानाच होते. एक फूट बाजूचा चौरस रुमाल गिऱ्हाइकाने दोन फुटांचा मागितला की मजुरीही दुप्पट सांगितली जाते. वस्तुतः कडेचा गोट ४ फुटांवरून ८ फूट, म्हणजे दुप्पट होतो. पण कापड व आतले भरतकाम १ चौरस फुटावरून ४ चौरस फूट, म्हणजे चौपट होते. बाजू अवघी १० टक्के वाढली तरी क्षेत्रफळ २१ टक्के वाढते. म्हणून गोटाचा दर फुटावर आणि भरतकामाचा चौरस फुटावर ठरवावा व तो आधीच समजावून सांगावा. माप-तोलात न्याय राखण्याची कुरआनची ताकीद आहे. त्यात कारागिराचा हक्कही आलाच.